त्या टेपमध्ये मी वळून बघत नाही

ओहोटी पहाटे चार वाजून बावीस मिनिटांनी.
मी रबरी बूट चढवतो, उजवा आधी.
खाडीच्या वाळूत तिसऱ्या श्वास सोडतात,
बारीक भोकं पडतात,
आणि त्याला आवाज असतो.
बाकीच्यांना येत नाही. मला येतो.

मी गेथिन. स्वान्सीच्या पश्चिमेला आमचं गाव.
फॉर्मवर माझ्यापुढे 'स्वमग्न' लिहितात.
स्वतःत कसला, मी भरतीत मग्न असतो.
मी तो मुलगा,
ज्याच्याकडे बघून आमच्या गल्लीतल्या नऊ घरांनी
आपापल्या पोरांचे दंड झाकून घेतले.

आई सांगायची, ओट्यापाशी, फोनवर, चर्चच्या पायरीवर,
सांगून सांगून वाक्य गुळगुळीत झालं होतं:
"सुईआधी चांगला हसायचा हो."
बाया मान हलवायच्या.
मी टेबलाखाली
त्यांच्या बुटांच्या नाड्यांची भोकं मोजायचो.
त्यांना वाटायचं, याला कुठे ऐकू जातंय.

लंडनच्या कुणा डॉक्टरने
बारा मुलांवरून एक कागद लिहिला होता.
बारा.
माझ्या चाळणीत एका खेपेला
याहून जास्त तिसऱ्या उरतात,
आणि तेवढ्यावरून मी
अख्ख्या खाडीबद्दल काही बोलणार नाही.

नेस्टा माझ्यामागून चार वर्षांनी झाली.
तिला टोचलं नाही.
गोवर परवडला, पण असा नको.
वाक्य सरळ आहे. मला ते उलगडायला
साथ यावी लागली.

चौदाची होती ती. आधी डोळे लाल,
मग कानांमागून पुरळ, उतार सापडल्यासारखं
मानेवरून खाली, पोटावर, पायांवर.
उजेड नको म्हणाली.
उजेड कसा टोचतो ते घरात फक्त मला ठाऊक.
मी पडदे ओढले, घड्याळ बाहेर नेलं,
फ्रिजची वायर काढली, तो गुणगुणतो म्हणून.
दूध नासलं. आई काही बोलली नाही.
तीन आठवड्यांनी नेस्टा हॉस्पिटलातून आली,
डावा कान आला नाही.

त्या उन्हाळ्यात आईने माळ्यावरून टेप काढली.
माझा पहिला वाढदिवस. केकवर निळी होडी.
कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत तारीख.
सुई त्यानंतर पाच आठवड्यांनी,
कार्डावर नर्स प्यूबाईंच्या तिरक्या अक्षरात आहे.
पडद्यावर सगळे गेथिन, गेथिन करतात.
आजोबा माझ्या कानाशी टाळी वाजवतात.
मी मेणबत्तीकडे बघतोय.
मेणबत्तीकडेही नाही,
तिच्या बुडाशी थरथरणाऱ्या गोल सावलीकडे.

आईने टेप मागे नेली. पुन्हा. पुन्हा.
सतरा वेळा, मी मोजलं.
मग म्हणाली, "तू आधीपासूनच तू होतास."
मी म्हटलं, हो.
मला कुणी विचारलंच नव्हतं.

कागद तोवर मागे घेतला गेला होता.
कागद मागे घेता येतो.
पुढे डेन्मार्कात साडेसहा लाख मुलं मोजली,
टोचलेली, न टोचलेली. फरक निघाला नाही.
तो आकडा मी खिशात ठेवतो,
चांगला, जड आहे.

आई त्या नऊ घरांत गेली, टेप घेऊन.
चौघांनी दार उघडलं.
त्यातल्या दोन घरांत टेप लावायचं यंत्रच उरलं नव्हतं,
म्हणून दुसऱ्या दिवशी ती आमचं यंत्र
काखोटीला मारून, वायर मागे फरफटवत गेली.
एका घरात कुत्रा अंगावर आला.
ती काय बोलली मला माहीत नाही,
मी फाटकापाशी उभा होतो.

आज नेस्टा माझ्याबरोबर खाडीत आली,
माझ्या डाव्या हाताला चालत,
म्हणजे उजवा कान माझ्याकडे राहील.
मी म्हटलं, ऐक.
ती ओल्या वाळूवर आडवी झाली, चांगला कान टेकून,
केसांत चिखल.
"काहीच नाही रे," म्हणाली.
थांब, मी म्हटलं.
अजून पाणी उतरायचंय.